मिश्रधातूंच्या कामासाठी वेल्डिंग मशीन कसे निवडावे

भांडुपच्या गाळ्यात मी पहिले टिग मशीन आणले, तेव्हा त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोनच गोष्टी छापलेल्या होत्या: 'टिग' आणि '२००'. टिग म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या सळीने, आर्गन वायूच्या आडोशात केलेले वेल्डिंग; २०० हा अॅम्पिअरचा आकडा. स्टेनलेसच्या रेलिंगचे काम त्या मशीनने सुरेख केले आणि त्या भरवशावर मी एका मच्छीमार बोटीवरची अॅल्युमिनियमची बर्फाची पेटी दुरुस्तीला घेतली. टॉर्च लावताच पत्र्यावर सुरकुतलेली करडी साय धरली. तिच्याखालचा धातू वितळत गेला, वरची साय मात्र तशीच राहिली आणि काही क्षणांत तो सगळा भाग गळून खाली पडला. पेटीला चीर दोन इंचांची होती, माझ्या हातून भोक चार इंचांचे झाले. ती पेटी मला स्वखर्चाने नवी करून द्यावी लागली. मशीनमध्ये दोष काहीच नव्हता. ते फक्त डीसी प्रवाह देणारे होते आणि अॅल्युमिनियम टिगने जोडायला एसी प्रवाह लागतो. विक्रेत्याने 'अॅल्युमिनियम होईल' असे सांगितले होते आणि मी त्यापुढे एकही प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून या लेखात मी मशीनच्या यादीपासून सुरुवात करणार नाही. आपल्याकडे येणाऱ्या कामांत कोणता मिश्रधातू आहे, तो किती जाड आहे आणि तो जोड पुढे कशाला तोंड देणार आहे, या तीन गोष्टी ठरल्या की कोणती प्रक्रिया आणि कोणता प्रवाह हवा हे जवळपास आपोआप ठरते. खोक्यावरचा अॅम्पिअरचा आकडा त्यानंतर पाहायचा असतो.

हातातला धातू कोणता आहे

मुंबईत स्टेनलेस म्हणून जे विकले जाते ते सगळे एका जातीचे नसते. गुलालवाडीच्या बाजारात २०२, ३०४ आणि ३१६ अशा तिन्ही ग्रेडचे पाइप शेजारी शेजारी मिळतात आणि पॉलिश केल्यावर ते डोळ्यांना सारखेच दिसतात. 'चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४' ही समजूत फॅब्रिकेटरांमध्ये फार खोल रुजलेली आहे आणि ती चूक आहे, कारण २०२ हे पोलादही मूळ स्थितीत चुंबकाला चिकटत नाही. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून त्याची जागा मँगनीजने घेतलेली असते. बाजारात थेंब टाकून रंग पाहण्याची जी रासायनिक बाटली मिळते, ती हाच मँगनीजचा फरक दाखवते, म्हणून ती खिशात असावी. ज्या कामाची जबाबदारी मोठी आहे तेथे हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने धातूची तपासणी करून घ्यावी. ही सेवा देणाऱ्या प्रयोगशाळा मुंबई आणि ठाण्यात आहेत.

ग्रेड ओळखण्याचा मशीनच्या निवडीशी थेट संबंध आहे. वरळी, वांद्रे किंवा वर्सोव्याच्या समुद्रासमोरच्या इमारतीला ३०४ च्या ग्रीलवर वर्ष-दोन वर्षांत चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग पडू लागतात, कारण खाऱ्या हवेतील क्लोराइड त्या पोलादाच्या संरक्षक थराला इजा करते. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते अधिक टिकते. मात्र ३१६ चे महाग पाइप आणून त्यांचे जोड जास्त उष्णतेने जाळले, तर गंज नेमका जोडाच्या कडेने सुरू होतो आणि ग्राहकाचे पैसे पाण्यात जातात. अशा कामासाठी उष्णतेवर बारीक ताबा देणारे मशीनच लागते.

अॅल्युमिनियमचेही तसेच आहे. खिडक्यांच्या चौकटींचे सेक्शन बहुतेक ६०६३ चे असतात, बोटींसाठी आणि समुद्राजवळच्या कामासाठी ५०८३ वापरतात आणि यंत्रांच्या भागांत ६०६१ भेटते. हे तिन्ही व्यवस्थित जोडता येतात. परंतु ७०७५ आणि २०२४ या अतिमजबूत जातींचे जोड थंड होताना चिरतात आणि कितीही महाग मशीन आणले तरी आपल्या नेहमीच्या पद्धतींनी ते भरवशाचे होत नाहीत. असे काम आले तर ते नट-बोल्ट किंवा रिव्हेटने जोडण्याचा सल्ला द्यावा आणि त्यासाठी मशीन घेण्याचा विचार सोडावा.

स्टेनलेस स्टीलसाठी

स्टेनलेस स्टील साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने उष्णता वाहून नेते आणि तापल्यावर जवळपास दीडपट प्रसरण पावते. उष्णता एकाच जागी साचते, पत्रा वाकतो आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना निळा-काळा पट्टा उमटतो. शिवाय ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या टापूत हे पोलाद जास्त वेळ राहिले, तर त्यातील कार्बन क्रोमियमला धरून बसतो. कणांच्या सीमेवर क्रोमियम कमी पडते आणि पुढे तेथूनच गंज शिरतो. ३०४एल आणि ३१६एल या जातींत कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच ठेवलेला असतो, तो याच कारणाने.

त्यामुळे स्टेनलेससाठी टिग मशीन पाहताना ते जास्तीत जास्त किती अॅम्पिअर देते यापेक्षा ते कमीत कमी किती अॅम्पिअरवर स्थिर चालते हे विचारणे मला महत्त्वाचे वाटते. १८ गेजच्या, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पाइपचे काम ३५ ते ५० अॅम्पिअरमध्ये होते आणि आर्क, म्हणजे विजेची ज्योत, विझवताना तो प्रवाह हळूहळू १० अॅम्पिअरच्या खाली आणता आला पाहिजे, नाहीतर रेघेच्या शेवटी खळगा पडून त्यात चीर उरते. टिगने स्टेनलेस जोडताना जाडीच्या दर मिलिमीटरमागे ३० ते ४० अॅम्पिअर हा ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. त्या हिशेबाने रेलिंग, स्वयंपाकघरातील टेबले, हॉटेलचे काउंटर, दूध आणि औषध कारखान्यांचे पाइप अशी मुंबईतील बहुतेक कामे २०० अॅम्पिअरच्या, फक्त डीसी देणाऱ्या मशीनवर सहज होतात.

अशा मशीनमध्ये आर्क हाय-फ्रीक्वेन्सीने, म्हणजे टंगस्टन धातूला न टेकवता पेटण्याची सोय असावी. स्वस्त मशीनमध्ये टंगस्टन टेकवून उचलावे लागते किंवा काडेपेटीसारखे घासावे लागते. घासण्याच्या पद्धतीत टंगस्टनचा कण जोडात राहण्याचा धोका असतो, आणि पॉलिश करायच्या कामात तो कण नंतर काळ्या ठिपक्यासारखा वर येतो. पल्सची सोय असेल तर प्रवाह ठेक्यात कमी-जास्त होतो, सरासरी उष्णता उतरते आणि पातळ पत्रा वाकत नाही. पोस्ट-फ्लोचे बटणही पाहावे: आर्क विझल्यावर दर १० अॅम्पिअरमागे साधारण एक सेकंद आर्गन चालू राहिला पाहिजे, म्हणजे तापलेला जोड आणि टंगस्टन दोन्ही हवेपासून सुरक्षित राहतात.

पाइपच्या कामात एक खर्च मशीनबाहेरचा असतो आणि तो बरेच जण विसरतात. जोडाच्या आतल्या बाजूलाही आर्गन भरावा लागतो. तो भरला नाही तर आतून साखरेच्या खड्यांसारखा काळा, खडबडीत थर तयार होतो. दुधाच्या किंवा औषधाच्या पाइपमध्ये त्या थरात जंतू घर करतात. म्हणून दुसरे रेग्युलेटर, वेगळी नळी आणि पाइपचे तोंड बंद करायचे बूच यांचे पैसे मशीनच्या अंदाजातच धरावेत. मिनिटाला १० लिटरच्या प्रवाहाने सात घनमीटरचा एक मोठा सिलिंडर सुमारे ७०० मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांच्या प्रत्यक्ष आर्कला पुरतो. आतून आर्गन भरायचा असेल तर हे तास झपाट्याने कमी होतात.

रॉडने, म्हणजे नेहमीच्या आर्क मशीनने स्टेनलेस होतच नाही असे मात्र नाही. तीन मिलिमीटरपेक्षा जाड काम, उघड्या साइटवरचे काम, जेथे वाऱ्याने आर्गन उडून जातो असे काम, हे ३०८एल रॉडने उत्तम होते. त्यासाठी डीसी देणारे १६० ते २०० अॅम्पिअरचे इन्व्हर्टर, म्हणजे हलके इलेक्ट्रॉनिक मशीन पुरेसे आहे. जुन्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर, जे फक्त एसी देते, नावाच्या शेवटी १६ हा आकडा असलेली रॉड चालते, पण शेवटी १५ असलेली रॉड चालत नाही, कारण ती केवळ डीसीसाठी बनवलेली असते. ३१६ ला ३१६एल आणि स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचे असेल तर ३०९एल ही रॉड घ्यावी. ग्रीलचा स्टेनलेस पाइप लोखंडी बेसप्लेटवर साध्या लोखंडाच्या ६०१३ रॉडने चिकटवलेला मी शहरात जागोजागी पाहतो. तो जोड पहिल्या पावसाळ्यातच गंजाचे ओघळ सोडू लागतो.

एकाच मापाचे शेकडो तुकडे रोज जोडायचे असतील तर मिग मशीन घ्यावे, ज्यात पुढे सरकणारी वायरच वितळून जोड भरते. आपल्याकडे त्याला सर्रास 'सीओटू मशीन' म्हणतात आणि हे नावच दिशाभूल करते. साध्या लोखंडाला निव्वळ कार्बन डायऑक्साइड चालतो, पण स्टेनलेसला तो वापरला तर जोडात कार्बन वाढतो, रेघ काळवंडते आणि गंजरोधकता कमी होते. स्टेनलेसच्या मिगला ९८ टक्के आर्गन आणि दोन टक्के कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण वापरावे. ते मिश्रण आपल्या भागातील गॅसवाला नियमित देतो का, हे मशीन घेण्याआधी विचारावे.

अॅल्युमिनियमसाठी

माझ्या त्या पेटीवर आलेली करडी साय म्हणजे अॅल्युमिनियमचे ऑक्साइड. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर मात्र २,००० अंशांच्या वर वितळतो. त्यामुळे आतला धातू पाणी झाला तरी वरची कातडी शाबूत राहते आणि दोन कडा एकमेकींत मिसळत नाहीत. एसी प्रवाहात विजेची दिशा सेकंदाला अनेकदा उलटते. टंगस्टन धन बाजूला असते त्या क्षणी पृष्ठभागावरील ऑक्साइड फुटून निघते आणि ते ऋण बाजूला असते त्या क्षणी उष्णता धातूत शिरते. केवळ डीसी ऋण ठेवले तर साय निघत नाही. केवळ डीसी धन ठेवले तर साय निघते, पण सारी उष्णता टंगस्टनवर येऊन त्याचाच गोळा होतो. हे एकदा समजले की 'एसी-डीसी टिग' या शब्दांसाठी जास्त पैसे का मोजावे लागतात, हे पटते. असे मशीन फक्त डीसी देणाऱ्या मशीनच्या साधारण दुप्पट किंवा त्याहूनही महाग पडते.

खोक्यावरची अक्षरे येथे कामाला येतात. चिनी बनावटीच्या मशीनवर 'डब्ल्यूएस' असेल तर ते फक्त डीसी टिग असते, 'डब्ल्यूएसएम' म्हणजे पल्स असलेले डीसी, 'डब्ल्यूएसई' म्हणजे एसी-डीसी आणि 'डब्ल्यूएसएमई' म्हणजे पल्ससह एसी-डीसी. अनेक भारतीय विक्रेते हीच मशीन स्वतःच्या नावाने विकतात, पण मॉडेलची अक्षरे बहुधा तशीच ठेवतात. 'तीन कामे एकात' असे लिहिलेल्या मिग-टिग-आर्क मशीनविषयी विशेष सावध राहावे, कारण त्यांतल्या बहुतेकांमध्ये टिगची बाजू डीसीची आणि टंगस्टन टेकवून आर्क पेटवायची असते. स्टेनलेसच्या फुटकळ कामाला ती चालतात, अॅल्युमिनियमच्या टिगला चालत नाहीत.

एसी-डीसी मशीनमध्ये दोन बटणे हवीत. पहिले बॅलन्सचे, ज्याने साफसफाई आणि खोली यांचे प्रमाण बदलते. ऋण बाजू ६५ ते ७५ टक्क्यांच्या आसपास ठेवून बहुतेक कामे होतात आणि पत्रा जुना, खाऱ्या हवेत राहिलेला असेल तर साफसफाई थोडी वाढवावी लागते. दुसरे फ्रीक्वेन्सीचे, जे साधारण ६० ते २०० हर्ट्झ या टापूत फिरते. ती वाढवली की आर्क टोकदार होतो आणि कोपऱ्यातील जोड नीट भरता येतो. पायाने दाबायचे पेडल जोडता येत असेल तर अवश्य घ्यावे, कारण अॅल्युमिनियम सुरुवातीला उष्णता पळवून लावते आणि एकदा तापले की अचानक गळू लागते, त्यामुळे काम चालू असतानाच प्रवाह उतरवता आला पाहिजे.

अॅम्पिअरचा हिशेब येथे स्टेनलेसपेक्षा चढा असतो, दर मिलिमीटरमागे ४० ते ५०. तीन मिलिमीटरच्या पत्र्याला १२० ते १५० अॅम्पिअर लागतात, सहा मिलिमीटरला अडीचशेच्या घरात जावे लागते. म्हणजे २०० अॅम्पिअरचे मशीन चार मिलिमीटरपर्यंत आरामात काम देते आणि त्यापुढे ३०० अॅम्पिअरचे, तीन फेजवरचे मशीन पाण्याने थंड होणाऱ्या टॉर्चसह पाहावे लागते. टॉर्चची क्षमता वेगळी तपासावी. १७ क्रमांकाची टॉर्च डीसीवर सुमारे १५० अॅम्पिअर सोसते आणि २६ क्रमांकाची सुमारे २००. एसीवर दोन्हींची क्षमता आणखी उतरते. २०० अॅम्पिअरच्या मशीनसोबत १७ क्रमांकाची टॉर्च देऊन पैसे वाचवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

टंगस्टन घेताना मी निळ्या किंवा सोनेरी टोकाचे, लँथेनमचे घेतो. ते एसी आणि डीसी दोन्हींवर चालते, त्यामुळे डब्यात एकच जात ठेवता येते. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असते, ते किरणोत्सारी आहे आणि टोक घासताना त्याची धूळ श्वासात जाते, म्हणून बंद गाळ्यात ते टाळावे.

अॅल्युमिनियमच्या मिगला एसीची गरज नसते, कारण मिगमध्ये वायर धन बाजूलाच असते आणि साफसफाई आपोआप होते. तेथे अडचण वेगळी येते. अॅल्युमिनियमची वायर मऊ असते आणि तीन मीटरच्या नळीतून ढकलताना ती दुमडून रोलरपाशी गुंता होतो. म्हणून वायरची छोटी रीळ टॉर्चवरच बसते अशी स्पूल गन जोडता येणारे मशीन घ्यावे, निदान 'यू' खाचेचे रोलर आणि टेफ्लॉनची आतली नळी तरी घ्यावी. फिलरमध्ये, म्हणजे जोड भरणाऱ्या वायरीत, ५३५६ ची वायर ४०४३ पेक्षा ताठ असते, त्यामुळे ती सहज पुढे सरकते. मात्र जो भाग सतत ६५ अंशांहून अधिक तापणार आहे तेथे ५३५६ वापरू नये. गॅस येथे निव्वळ आर्गनच हवा.

क्रोम-मॉली, बीड आणि पितळ

माहूल-चेंबूरच्या रिफायनऱ्यांची किंवा बॉयलरची उपकंत्राटे घेणाऱ्यांना पी११, पी२२, पी९१ अशा क्रोम-मॉली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादांशी गाठ पडते. येथे मशीन साधेच असले तरी चालते: जोडाच्या मुळाशी पहिला थर डीसी टिगचा आणि वर लो-हायड्रोजन (दमटपणा कमी ठेवलेली) रॉड, म्हणजे टिग आणि आर्क दोन्ही करणारे ३०० ते ४०० अॅम्पिअरचे डीसी इन्व्हर्टर पुरते. पण धातू जाडीनुसार दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत आधी तापवावा लागतो, पी९१ ला नंतरही ठरलेली उष्णता द्यावी लागते आणि वेल्डर व कार्यपद्धती दोन्ही प्रमाणित असाव्या लागतात. बॉयलरच्या कामाला १९५० ची भारतीय बॉयलर नियमावली लागू आहे. म्हणून मशीनवरील मीटर कॅलिब्रेट करून प्रमाणपत्र मिळते का, हाच येथील पहिला प्रश्न असावा.

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या दुरुस्तीला निकेलची रॉड आणि कमी प्रवाहावर शांत चालणारे डीसी आर्क मशीन पुरेसे आहे. पितळेसाठी वेगळे मशीन घेऊ नये. त्यातील जस्त ९०७ अंशांनाच उकळते आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडते, त्यामुळे गॅसच्या ज्योतीवर ब्रेझिंग करणेच योग्य.

गाळ्यातील वीज आणि मुंबईचा पावसाळा

मशीन घेण्याआधी आपल्या मीटरवरील मंजूर भार पाहावा. शहरात कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा आणि आमच्या भांडुप-मुलुंडकडे महावितरण वीज देते. भार वाढवून घ्यायचा असेल तर त्या अर्जाला लागणारा वेळ आधीच धरावा. हिशेब अवघड नाही. २०० अॅम्पिअरच्या आर्क मशीनचा व्होल्टेज प्रमाणानुसार २८ धरला जातो, म्हणजे ५.६ किलोवॅट बाहेर पडतात. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.७ धरला तर २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर ते सुमारे ४० अॅम्पिअर ओढते. टिगला व्होल्टेज १८ लागतो, म्हणून तेच मशीन टिगवर सुमारे २६ अॅम्पिअर घेते. भिंतीवरचा १६ अॅम्पिअरचा पॉवर प्लग या दोन्हींसाठी अपुरा आहे. त्याला वेगळी लाइन आणि योग्य एमसीबीच हवी. पॉवर फॅक्टर सुधारणारी सोय असलेले मशीन महाग असते, पण लोड वाढवून मिळत नसेल तेथे ते उपयोगी ठरते.

जुन्या इमारतींत काम असेल तर तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर वायर ओढावी लागते. ३० मीटर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये २६ अॅम्पिअरवर सुमारे १२ व्होल्ट खर्ची पडतात, दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये वीसहून जास्त. मशीन अडखळते आणि दोष त्याच्यावर जातो. अशा कामासाठी चार चौरस मिलिमीटरची वायर स्वतःची ठेवावी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत आठ-दहा किलोचे इन्व्हर्टर खांद्यावर नेता येते. ट्रान्सफॉर्मर मशीनला दोन माणसे लागत.

मशीनच्या पाटीवर ड्युटी सायकल लिहिलेली असते आणि ती चाळीस अंश तापमानात दहा मिनिटांच्या फेऱ्यावर मोजलेली असते. २०० अॅम्पिअरला ६० टक्के म्हणजे दहातील सहा मिनिटे आर्क आणि चार मिनिटे विश्रांती. सतत चालवायचे असेल तर त्या मशीनचा खरा प्रवाह सुमारे १५५ अॅम्पिअर होतो. पाटीवर ३० टक्के असेल तर तोच आकडा ११० वर येतो. पत्र्याच्या छपराखालच्या गाळ्यात एप्रिल-मे महिन्यांत याहून कमीच धरावा. म्हणून दोन मशीनची तुलना करताना दोन्हींचा सतत चालणारा प्रवाह काढून मगच किमतीकडे पाहावे.

जून ते सप्टेंबरची हवा इन्व्हर्टरच्या आतील पट्ट्यांना, म्हणजे सर्किट बोर्डांना, सोसत नाही. दमटपणा, खारटपणा आणि ग्राइंडिंगची लोखंडी धूळ यांचा थर पट्टीवर बसला की ठिणगी पडून ती जळते. पट्टीवर संरक्षक लेप आहे का आणि पंख्याची हवा पट्टीवरून न जाता बाजूच्या बोगद्यातून जाते का, हे विचारावे. मशीन जमिनीपासून हातभर उंच ठेवावे आणि महिन्यातून एकदा वीज काढून कोरड्या हवेने फुंकावे. लो-हायड्रोजन रॉड पावसाळ्यात तासाभरातही दमट होते. उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला, साधारण तीनशे ते साडेतीनशे अंशांना, ती भट्टीत भाजून नंतर गरम डब्यात ठेवावी. क्रोम-मॉलीचे काम करणाऱ्याने ही भट्टी मशीनइतकीच आवश्यक समजावी.

धुराविषयी एवढे सांगितलेच पाहिजे की स्टेनलेसच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात धरला. रॉडपेक्षा टिगचा धूर पुष्कळ कमी असतो, हेही बंद गाळ्यासाठी टिग निवडण्याचे एक कारण आहे. तरीही धूर ओढणारा पंखा अंदाजपत्रकात असावाच. टाकीच्या आत काम करताना लक्षात ठेवावे की आर्गन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि त्याला वास नसतो.

दुकानात गेल्यावर

नागदेवी स्ट्रीटला जाताना आपल्या नेहमीच्या कामाचे तुकडे पिशवीत न्यावेत: १८ गेजचा ३०४ चा पाइप, तीन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा, जे आपण रोज करतो ते. चालवून दाखवायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून मी मशीन घेत नाही. सर्वात कमी प्रवाहावर आर्क पाच-सहा सेकंद स्थिर राहतो का, आर्क पहिल्याच दाबाला पेटतो का आणि पाटीवरच्या पूर्ण प्रवाहावर ड्युटी सायकलइतकी मिनिटे चालवल्यावर मशीन स्वतःहून बंद पडते का, हे पाहावे. अॅल्युमिनियमवर रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरा, स्वच्छ पट्टा उमटला म्हणजे एसीची बाजू काम करते आहे. पाइपचा जोड करवतीने उभा कापून आतली बाजू पाहावी.

पट्टी जळली तर ती मुंबईत दुरुस्त होते की मशीन परराज्यात पाठवावे लागते आणि त्या काळात पर्यायी मशीन मिळते का, हे किंमत ठरवण्याआधी विचारावे, कारण पंधरा दिवस बंद पडलेला गाळा मशीनच्या किमतीतील वाचवलेल्या पैशांहून महाग पडतो. टॉर्चची नळी, अर्थिंगचा क्लॅम्प आणि वायरची जाडी हाताने तपासावी. हलका क्लॅम्प तापतो आणि आर्क डळमळतो. शेवटी बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव, प्रवाह एसी-डीसी की फक्त डीसी, पाटीवरची ड्युटी सायकल आणि टॉर्चचा क्रमांक हे सगळे लिहून घ्यावे, आणि 'टिग मशीन २००' एवढेच लिहिलेले बिल परत करून ते पुन्हा लिहून मागावे.